मांड, सभा आणि संगणक

पौष महिना लागला की गोव्यातल्या कितीतरी वाड्यांवर रात्री धालो सुरू होतात. मांड शेणाने सारवला जातो. जेवणखाण, भांडीकुंडी आटोपून बायका जमतात, समोरासमोर दोन रांगा धरतात आणि वाकत, मागेपुढे होत गाऊ लागतात. शेवटच्या रात्री सोंगे निघतात, हसून हसून पुरेवाट होते. या मांडावर पुरुषाने पाय ठेवायचा नाही, असा दंडक. लोकसंस्कृतीचे अभ्यासक धालोंकडे विधी म्हणून पाहतात आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वर्षभर चूल, शेत आणि सासर यांत अडकलेल्या बाईला हक्काची एक जागा मिळते. जिला एरव्ही घरात तोंड उघडता येत नाही, तीही मांडावर गळा मोकळा करते.

आता या धालोंचा आणि संगणकाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. गेल्या काही वर्षांत पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बायकांचे मेळावे भरू लागले. पायथन ही संगणकभाषा वापरणाऱ्या बायकांचा ‘पायलेडीज’ हा गट 2011 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, आणि त्याची शाखा पुण्यातही निघाली. त्याआधी 2010 मध्ये हेलसिंकीत ‘रेल्स गर्ल्स’ आणि नंतर 2014 मध्ये बर्लिनमध्ये ‘जँगो गर्ल्स’ची पहिली कार्यशाळा झाली. स्वरूप सगळीकडे साधारण सारखेच. शनिवार-रविवारी एखाद्या कंपनीची किंवा कॉलेजची खोली मागून घ्यायची, ज्यांना येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांच्या शेजारी बसायचे, मध्ये चहा-बिस्किटे. कुणी पहिल्यांदाच लॅपटॉपवर पायथन उतरवून घेते, कुणी पुढच्या परिषदेत वाचायच्या भाषणाची रंगीत तालीम करते.

यावर एक प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारे सगळेच काही बायकांचे वैरी नसतात. संगणकाला बाई काय आणि बुवा काय? दार सर्वांना उघडे असताना ही वेगळी चूल कशाला?

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक खरी हकीकत आहे. ग्नोम हा मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा प्रकल्प. लिनक्स वापरणाऱ्यांना तो ठाऊक असेल. 2006 साली गूगलच्या उन्हाळी उपक्रमात ग्नोमसाठी काम करायला 181 विद्यार्थ्यांचे अर्ज आले. त्यात मुलगी एकही नव्हती. दार उघडे होते, कुणी अडवले नव्हते, तरी एकही नाही! तेव्हा प्रकल्पातल्या काही जणींनी खास मुलींसाठी थोड्या जागा ठेवून तसे जाहीर केले. शंभराहून अधिक अर्ज आले. महिन्या-दोन महिन्यांत शंभर मुली आकाशातून पडल्या नव्हत्या. त्या होत्याच. उघडे दार वेगळे आणि ‘या, बसा’ म्हणणे वेगळे, हे आपल्याकडच्या कुठल्याही यजमानिणीला सांगावे लागत नाही. त्याच प्रयत्नातून पुढे ‘आउटरीची’ ही योजना उभी राहिली, आणि तिच्यातून भारतातल्या अनेक मुली मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात आल्या.

गंमत म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे हे मुळात बायकांचेच काम होते. अमेरिकेत 1946 च्या फेब्रुवारीत एनिॲक हा प्रचंड संगणक जगापुढे मांडला गेला, तेव्हा त्याच्याकडून गणिते करून घेणारे प्रोग्रॅम सहा तरुणींनी तयार केले होते. यंत्र बनवणे हे पुरुषी आणि मानाचे काम, त्याला कामाला लावणे हे कारकुनी काम, अशी तेव्हाची समजूत. समारंभानंतरच्या मेजवानीला त्या सहाजणींना बोलावणे नव्हते. पुढे कित्येक वर्षे जुन्या छायाचित्रांत यंत्राशेजारी उभ्या असलेल्या या बायका नुसत्या शोभेसाठी उभ्या केल्या असाव्यात, असाच समज होता. प्रोग्रॅम लिहिण्याला पैसा आणि प्रतिष्ठा आली तसतशी खुर्चीवरची माणसे बदलली. अमेरिकेत 1984 च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली 37 टक्क्यांच्या आसपास होत्या. 2010 च्या सुमारास त्या 18 टक्क्यांवर आल्या.

तिथल्या बायकांना एकमेकींची गरज भासली ती यातूनच. 1987 साली संगणकतज्ज्ञांच्या एका परिषदेत अनिता बोर्ग यांना शेकडो पुरुषांत मूठभर बायका दिसल्या. त्या एकत्र जेवल्या, बोलल्या, आणि तुटायचे नाही असे ठरवून त्यांनी ‘सिस्टर्स’ हा गट काढला. 1994 पासून ग्रेस हॉपर यांच्या नावाने बायकांची मोठी परिषद भरू लागली. 2010 मध्ये ती बंगळुरातही भरली.

पण हे सारे अमेरिकेतून आलेले खूळ आहे, असे कुणी समजू नये. पंडिता रमाबाई 1882 साली पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. तेव्हाच्या स्त्रियांच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. न्यायमूर्तींसारख्या नवऱ्याचे उत्तेजन असूनही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा किती जाच सोसावा लागला, ते त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या 1910 च्या पुस्तकात सांगून ठेवले आहे. एका शिकू पाहणाऱ्या बाईला घरात नवरा पाठीशी असणे पुरत नाही. तिला तिच्यासारख्या आणखी चार जणी लागतात. ही गरज ओळखूनच रमाबाईंनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. त्याच पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये सुरू केलेल्या संस्थेने 1991 साली मुलींसाठी अभियांत्रिकी कॉलेज काढले, ते आजचे कमिन्स कॉलेज. अनाथ बालिकाश्रमापासून संगणकाच्या प्रयोगशाळेपर्यंतचा हा रस्ता एकाच संस्थेचा आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मधला एक टप्पाही विसरून चालणार नाही. 1974 साली टेल्कोने इंजिनियर हवेत अशी जाहिरात दिली आणि स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी तळटीप जोडली. बंगळूरला संगणकशास्त्र शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती यांनी, थेट जे. आर. डी. टाटांना कार्ड लिहून जाब विचारला. मुलाखत झाली, नोकरी मिळाली. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण जिला असे कार्ड लिहिण्याचा धीर झाला नाही, तिचे काय?

आज तशी तळटीप कुणी छापत नाही. आपल्याकडे संगणकाच्या वर्गांत मुलीही भरपूर दिसतात. गळती लागते ती नंतर. लग्न, नवऱ्याची बदली, बाळंतपण, सासूबाईंचे आजारपण. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, हे चांगलेच झाले. पण तीन वर्षे घरी राहून परतणाऱ्या बाईला मधल्या काळात बदललेले तंत्र कोण सांगणार? कचेरीत विचारले तर ‘एवढेही येत नाही?’ ही नजर. म्हणून मेळाव्यातली सर्वांत मोलाची गोष्ट व्याख्यान नव्हे. बावळट वाटणारा प्रश्न न लाजता विचारता येणे, हीच ती गोष्ट.

आता नकाशावर बेज्जूर शोधा. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, 2016 पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातले हे मंडलाचे गाव. प्राणहितेच्या पलीकडे आपला गडचिरोली. या सीमाभागात तेलुगू, मराठी आणि गोंडी एकमेकींत मिसळून राहतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्यातला राजुरा तालुका मराठी मुलखाकडे आला. इथल्या मुलीला रेल्वे गाठायची तर आधी कागजनगरला जायचे, आणि तिथून हैदराबाद म्हणजे अख्खा दिवस. रविवारी सकाळी दहाचा मेळावा तिच्यासाठी नाही. तिथे चालणारी इंग्रजीही तिची नाही.

तरी आशेला जागा आहे. याच जुन्या जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या बासरला सरस्वतीचे देऊळ आहे. मराठवाड्यातलीही माणसे मुलांचा अक्षरारंभ करायला तिथे जातात. त्या बासरला 2008 साली ग्रामीण मुलामुलींसाठी तंत्रज्ञानाचे निवासी विद्यापीठ निघाले. खेड्यांतल्या शाळांतून दहावी झालेल्या मुली तिथे सहा वर्षे राहून इंजिनियर होतात. त्यांच्यातल्या दोघी-तिघी सुटीत आपल्या गावच्या शाळेत एक दुपार बसल्या, आपल्या बोलीत बोलल्या, तर मेळावा बेज्जूरपर्यंत पोचायला विमानाचे तिकीट लागणार नाही.

हे सुचवण्याचे कारण आहे. ‘विमेन हू कोड’ ही या क्षेत्रातली जगभर पसरलेली संस्था 2024 च्या एप्रिलमध्ये निधीअभावी बंद झाली. त्याच वर्षी ‘गर्ल्स इन टेक’नेही गाशा गुंडाळला. दुसऱ्याच्या पैशावर भरणारी सभा त्याचा हात आखडला की मोडते. आमचा धालोंचा मांड मात्र कुणाच्या अंदाजपत्रकात नसतो. वाड्यावरच्या बायका दरवर्षी तो आपल्या हातांनी सारवतात, आणि म्हणून तो टिकून आहे.