स्टर्डी, हार्डी, वायरी: पलटणीतली विशेषणं

रायपूरहून बोलतोय.

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, टेबलही स्टर्डी आणि माणूसही स्टर्डी, असं कसं?" म्हटलं, आपल्याकडेही दणकट टेबल आणि दणकट गडी असतोच की. पण काटक माणूस असतो, काटक भिंत नसते. प्रत्येक भाषेचा हिशोब वेगळा.

इंग्रजीचा हिशोब गमतीदार आहे. 'रोबस्ट' आला लॅटिन 'रोबुर'वरून, म्हणजे ओकचं लाकूड. 'स्टॉलवर्ट'च्या पोटात बहुधा पाया या अर्थाचा जुना शब्द आहे. माणसाचं कौतुक सुताराच्या आणि गवंड्याच्या भाषेत! 'स्टर्डी' मात्र मुळात उनाड. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ गांगरलेला, बेभान. इंग्रजीत आला तो बेफाम, हट्टी होऊन. ट्यूडर काळातल्या कायद्यांत 'स्टर्डी बेगर' म्हणजे अंगात ताकद असून भीक मागणारा. त्याला चाबकाचे फटके मिळत. आपला 'मजबूत'ही काही कमी नाही. अरबी 'जब्त'वरून आलेला तो शब्द, म्हणजे 'जप्ती'चा सख्खा भाऊ.

हीच विशेषणं इंग्रज साहेबांनी आपल्या शिपायांना लावली, तेव्हा त्यांवर लोकांची भाकरी ठरू लागली.

सुरुवात रायपूरपासूनच करू. 18 जानेवारी 1858च्या रात्री इथल्या छावणीत हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं. हनुमानसिंह निसटला, पण 22 जानेवारीला 17 जणांना फाशी झाली. त्यांची नावं वाचलीत तर शिवनारायण, मातादीन, देवीदीन अशी हिंदुस्तानी वळणाची बरीच सापडतात. बंगाल आर्मीला अवध-बिहारकडचा उंचापुरा, देखणा शिपाई फार आवडायचा. परेडवर तो शोभायचा. आमच्या मुंबई आर्मीचा शिपाई त्यापुढे बुटका, पण चिवट. 1857 नंतर उंचीचं ते कौतुक ओसरलं. शरीर तेच होतं, भरवसा उडाला होता.

मग आली लढाऊ जमातींची कल्पना. लॉर्ड रॉबर्ट्स 1885 ते 1893 हिंदुस्थानचे सरसेनापती होते. दक्षिणेतल्या माणसांत लढाऊ वृत्ती उरलेली नाही, मुंबईकडच्या मराठ्यांतली तर केव्हाच विझली, असं त्यांचं मत, आणि ते त्यांनी आत्मचरित्रात छापलंही आहे. त्यानंतर भरतीसाठी जातवार पुस्तिका निघाल्या. आपल्या लोकांवरची पुस्तिका आर. एम. बेथम या अधिकाऱ्याची, 1908 सालची. अशा पुस्तिकांत बांधा, स्वभाव, रीतिरिवाज, कुठल्या मुलखात चांगला रंगरूट मिळेल, सगळं असे. बाजारात बैल बघावा तसं. माझं हे म्हणणं काही मित्रांना कडवट वाटतं. वाटू दे.

या मापाने सर्वांत मोठा घाव बसला तो महारांना. 1 जानेवारी 1818ला कोरेगावला लढलेल्या पलटणीतल्या मृतांची नावं तिथल्या स्तंभावर आहेत, आणि त्यांत 'नाक' या अक्षरांनी संपणारी महार नावं कितीतरी आहेत. पण 1890च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. त्यांचे हातपाय एका रात्रीत बारीक झाले नव्हते! फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली विनंतीपत्र तयार केलं. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली पुन्हा अर्ज केला. ज्या घरात आजोबा, बाप पलटणीत, तिथल्या पोराला आता दारात उभं करत नव्हते. पगार गेला, पेन्शन गेली, छावणीतली शाळाही गेली.

पहिल्या महायुद्धात गरज पडली, तेव्हा हीच शरीरं पुन्हा चालू लागली. 1917ला 111वी महार पलटण उभी राहिली, 1921ला मोडलीही. आणि रॉबर्ट्सनी निकालात काढलेले मराठे? मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. वेढा 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, म्हणजे 145 दिवस चालला, आणि शेवटी उपासमारीमुळे शरणागती पत्करावी लागली. पुढे 117व्या पलटणीला 'रॉयल' हा किताब मिळाला.

आता माझं स्वतःचं सांगतो. नोकरीत जवानांचे अहवाल लिहिताना उंच पोरापुढे 'वेल बिल्ट', बुटक्यापुढे 'वायरी' असं मी सवयीने लिहीत असे. वरिष्ठांनी लिहिलेलं पाहूनच शिकलो होतो. वजनाची पिठ्ठू घेऊन चढ चढताना पुढे कोण असतं, ते मला रोज दिसत होतं. तरी कागदावर हात आपोआप 'वेल बिल्ट'कडेच जाई. हे शब्द कुठून आले, ते निवृत्तीनंतर या जुन्या पुस्तिकांबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं.

महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती 1 ऑक्टोबर 1941ला, बेळगावात. आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. तिकडून कुणी हा भाग ऐकत असेल आणि घरात पणजोबांचे जुने भरतीचे कागद असतील, तर शरीराच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला जरूर कळवा.