वेलांटी आधी की अक्षर आधी?

परवा शेजारच्या गावातल्या एक ताई घरी आल्या. तलावासाठी त्यांच्या वडिलांची जमीन गेली होती. त्याची जनसुनावणी २००४ मध्ये झाली, बातमी मी दिली होती. "दादा, तेवढी बातमी काढून द्या. त्या दिवशी कोण काय बोललं ते त्यात आहे." कात्रण त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडे सीडी होती. सीडी चालली, फाईलही उघडली. पण पडद्यावर नुसती रोमन अक्षरं, टिंबं, आकडे. एक शब्द लागेना.

मंडळी, हा व्हायरस नव्हता. त्या काळी मराठीचा प्रत्येक फॉन्ट वेगळा होता. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच असायचं, फॉन्ट त्याला फक्त 'क'चं सोंग चढवायचा. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. गावोगावच्या पत्रकारांची, वकिलांची, ग्रामपंचायतींची किती कागदपत्रं अशी मुकी झाली असतील, हिशेब नाही.

आणि चीड येते ती याची, की यावरचं उत्तर आपल्याच विद्यापीठांत तेव्हा तयार होतं.

मी पत्रकारितेत आलो तेव्हा बातमी हाताने लिहायचो. ऑफिसातला डीटीपी ऑपरेटर ती टाईपरायटरच्या पद्धतीने टाईप करायचा. 'किती' लिहायचं तर आधी पहिली वेलांटी, मग क. का? कारण टाईपरायटर डावीकडून उजवीकडे ठोकत जातो आणि वेलांटी डावीकडे दिसते. तोंडाने आपण आधी क म्हणतो, मग इ. म्हणजे यंत्राच्या सोयीसाठी माणसाने आपली भाषा उलटी करायची. अर्ध्या अक्षरांच्या कळा वेगळ्या, पूर्ण अक्षरांच्या वेगळ्या. सहा-सहा महिने क्लास लावल्याशिवाय हात बसत नसे.

आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. अक्षर दिसतं कसं यापेक्षा ते उच्चारलं कसं जातं, हे त्यांनी पाहिलं. आपली वर्णमाला मुळात उच्चाराच्या जागेवरून मांडलेली: कंठातून क-ख-ग-घ, ओठातून प-फ-ब-भ. तीच शिस्त संगणकाला शिकवायची. तुम्ही क आणि इ द्या, वेलांटी कुठे काढायची ते यंत्र बघेल. १९८३ च्या सुमारास तिथे देवनागरीत चालणारा संगणक तयार झाला. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं.

१९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाण ठरला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच कळीवर, फक्त शिफ्टचा फरक. बंगाली किंवा कन्नड टाईप करायचं तरी क त्याच जागी. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा त्यातली देवनागरी आपल्याच १९८८ च्या 'इस्की' प्रमाणावरून घेतलेली होती.

इंजिनिअर आणि भाषेचे जाणकार झाले, पण अक्षराला रूप कोण देणार? इथे रघुनाथ कृष्ण जोशी येतात. र. कृ. जोशी म्हणजे सुलेखनकार, कवी आणि जाहिरात क्षेत्रात मुरलेला माणूस. १९८३ ते १९९६ ते आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात शिकवत होते. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' फॉन्ट त्यांचा. कुठल्याही सरकारी ऑफिसात जा, मंगलमधलं पत्र दिसेलच.

तरी माणूस पूर्ण समोर आला होता असं मी म्हणणार नाही. इनस्क्रिप्टची रचना शास्त्रशुद्ध, पण बाजारातल्या कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेलीच नसायची. शिकवायला कोणी नाही. आम्ही जुनंच धरून बसलो, आणि पोरं रोमनमध्ये 'kasa' लिहितात तसं 'कसा आहेस' लिहायला लागली.

ही अडचण आयडीसीतच प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने हाती घेतली. २००४ मध्ये त्यांनी 'कीलेख' हा वर्णमालेच्या क्रमाने लावलेला कळफलक मांडला. नवख्या लोकांना टाईप करायला बसवायचं, कुठे अडतात ते बघायचं, मग रचना बदलायची, अशी ती पद्धत. त्यातूनच पुढे २०१३ मध्ये मोबाईलसाठी 'स्वरचक्र' आलं. क वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. बाराखडी येणाऱ्याला वेगळा क्लास नको.

माणूस समोर असणं म्हणजे काय, याचं एक छोटं उदाहरण. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यात फरक एका अर्ध्या र चा. पहिले शिकवतात, दुसरे स्वयंपाक करतात. हिंदीला हा र लागत नाही. मराठी माणूस चर्चेत नसेल तर तो कुणाला आठवणारही नाही.

आता त्या बातमीचं. आमच्या जुन्या ऑपरेटर काकांना फोन केला. पहिल्या ओळीतली चिन्हं वाचून दाखवताच त्यांनी फॉन्ट ओळखला. कन्व्हर्टरमधून फाईल युनिकोडमध्ये आली, पण जोडाक्षरं फुटलेली आणि अर्धे र गळालेले. दोन संध्याकाळी बसून एकेक शब्द लावला. ताईंनी प्रिंट हातात घेतली आणि वडिलांचं नाव असलेल्या ओळीवर बोट ठेवून तिथेच थांबल्या.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. घरात, ऑफिसात जुन्या मराठी फाईली असतील तर आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या. ते फॉन्ट ओळखणारे काका आहेत तोवरच. आणि आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मास्तरांनो, पोरांना प्रोजेक्टला विषय हवा ना? मी आपल्या बोलीत बोललो की मोबाईल भलतंच काहीतरी लिहितो. परत एकदा माणसानेच यंत्रासाठी जीभ वळवायची का? बाजारात बसणाऱ्या मावशींपासून सुरुवात करा. त्या कशा बोलतात ते आधी ऐका, कोड नंतर लिहा.

तुमच्याकडे अशी मुकी झालेली फाईल आहे का? असेल तर कळवा, काकांना विचारून बघतो.