अर्धसत्य : एका फौजदाराची कोंडी

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ हा चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. तो हिंदी असला तरी त्याचे मूळ मराठी साहित्यात आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली. संवाद वसंत देव यांचे होते. चित्रपटाचे शीर्षक दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून घेतले असून, ती कविता नायकाच्या तोंडी येते.

अनंत वेलणकर (ओम पुरी) हा मुंबईतील तरुण फौजदार. निवृत्त हवालदार असलेल्या तापट वडिलांच्या (अमरीश पुरी) हट्टापायी तो पोलिसांत आलेला असतो. रामा शेट्टी या गुंडाची माणसे तो पकडतो, त्याच्याविरुद्ध पुरावा मिळवतो आणि त्याला अटक करायला थेट त्याच्या घरी जातो. शेट्टी एक दूरध्वनी करतो आणि वेलणकरला रिकाम्या हाती परतावे लागते. ‘वरून आलेला फोन’ म्हणजे काय, हे मुंबईपासून कवठे महांकाळपर्यंत कोणत्याही प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. तेंडुलकरांची नेमकी पकड इथे दिसते. भ्रष्टाचार उघडकीस आणणे हे यातील कोडेच नाही, कारण तो सर्वांना ठाऊकच आहे.

दहा वर्षांपूर्वीच्या ‘जंजीर’मध्ये (१९७३) इन्स्पेक्टरचा संताप खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोहोचतो. वेलणकरचा संताप मात्र दुबळ्यावर कोसळतो. कोठडीतील एका भुरट्या चोराला तो इतके मारतो की त्यात त्याचा जीव जातो. निलंबन टाळण्यासाठी मग त्याला त्याच शेट्टीच्या दारात उभे राहावे लागते आणि शेट्टी तोवर निवडणूक जिंकलेला असतो. मदतीच्या बदल्यात तो मिंधेपणा मागतो. वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर होतो. प्रेक्षकांनी या खुनाला टाळ्या दिल्या असतील. पण कोठडीत मेलेल्या चोराचा हिशेब त्याने फिटत नाही आणि चित्रपट तसा दावाही करीत नाही.

रामा शेट्टीची भूमिका मराठी रंगभूमीवरून आलेल्या सदाशिव अमरापूरकर यांनी केली. आवाज न चढवता त्यांनी उभी केलेली दहशत हिंदी खलनायकीत नवी होती. स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह आणि शफी इनामदार यांच्याही भूमिका लक्षणीय आहेत. त्यातही दारूच्या आहारी गेलेला, निलंबित अधिकारी लोबो (नसीरुद्दीन) हा वेलणकरचे संभाव्य भवितव्यच वाटतो.

ओम पुरी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि सहायक अभिनेता हे ‘फिल्मफेअर’चे पुरस्कारही ‘अर्धसत्य’कडे आले. निहलानी २००४ साली ‘देव’मधून पुन्हा पोलीस दलाकडे वळले. त्यात अमिताभ बच्चन यांच्यासमोर ओम पुरी यांनीच वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली.