हापसा कोणाचा? घानाच्या पाण्याची हकीकत

श्रोतेहो, नारूचे नाव काढले की आपल्याकडची वडीलधारी माणसे अजूनही तोंड वाकडे करतात. पायाला फोड यायचा, तो फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोके काढायचा. दीड-दोन हात लांब. तुटला तर पाय सुजायचा, म्हणून काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळीत बसायचे. आपल्या देशातला शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात आढळला. आफ्रिकेत मात्र नारूने आणखी बराच काळ ठाण मांडले. आज त्याच निमित्ताने आपण घाना देशात जाऊ.

घानाच्या उत्तरेला टमाले हे शहर आहे. भोवताली दागोंबा लोकांची खेडी. ज्वारी, बाजरी, मका पिकतो, आणि याम नावाचा मोठा कंद. पाऊस पडतो तो सहा महिने. मग सहाराकडून हरमातान नावाचा कोरडा, धुळीचा वारा सुटतो आणि ओढे आटतात. पाणी साठावे म्हणून लोक जमीन खोदून तळी करीत. बायका त्यात उतरून भांडी भरीत, गुरेही तिथेच येत.

आता रोगाचा फेरा पाहा. नारूवाल्याचा पाय पाण्यात बुडाला की जंत हजारो पिल्ले सोडतो. ती पिल्ले डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणकिड्यांच्या पोटात जातात. असे पाणी कोणी न गाळता प्याले की वर्षभराने त्याच्या अंगातून नवा जंत बाहेर येतो. यावर लस नाही, जंत मारील असे औषध नाही. गुरुजी, मुलांना हा फेरा फळ्यावर काढून दाखवावा. तो तोडायची जागा कुठली, हे मुले आपण होऊन सांगतील. 1989 साली घानात घरोघर फिरून मोजणी केली, तेव्हा जवळजवळ 1 लाख 80 हजार रोगी निघाले!

मग बोअर का मारली नाही, असे तुम्ही विचाराल. मारल्या हो! 1970 नंतरच्या दशकात कॅनडाच्या मदतीने देशाच्या अगदी उत्तर टोकाला दोन हजारांवर विंधन विहिरी झाल्या. टमालेच्या बाजूला मात्र जमिनीखाली घट्ट शेलचा खडक. भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसती धूळ. त्यामुळे तिथे तळ्यांवाचून गत्यंतर नव्हते. आणि जिथे पाणी लागले तिथेही हापसा बिघडला की सुटा भाग परदेशातून यायचा. 1983 साली दुष्काळ पडला, सरकारची तिजोरी रिकामी. भाग कोठून आणणार?

ही अडचण आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे 1960 नंतरच्या दुष्काळांत बोअरवर बिडाचे हापसे बसवले. ते मुळात एका घराच्या अंगणासाठी घडवलेले. गावाने दिवसभर हाणले की मोडायचे. 1974 च्या सुमारास पाहणी झाली, तर चारांपैकी तीन बंद! तेव्हा जालन्याच्या आणि मग सोलापूरच्या कारखान्यात काही खटपट्या माणसांनी पोलादी हापसा बनवला: दांडा एकाच आसावर फिरणारा, दट्ट्याचा गज साखळीने ओढला जाणारा. त्यातूनच युनिसेफ आणि भारत सरकारने ‘इंडिया मार्क दोन’ तयार केला. त्याच्यावर कोणाची मालकी ठेवली नाही, म्हणून तो कोणीही बनवावा. तोच पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. घानाने जे चार प्रकारचे हापसे पसंत केले, त्यांत हाही एक.

पण हापसा चांगला म्हणून काम भागत नाही. मार्क दोनचा दट्ट्या बदलायचा तर लोखंडी नळ वर ओढावे लागतात, चार-सहा माणसांचे काम. म्हणून 1994 च्या सुमारास घानाने धोरणच बदलले. विहीर गावाची ठरली. खर्चाचा विसावा हिस्सा गावाने आधी द्यायचा, पाणी समिती नेमायची, तिच्यात बायका असल्याच पाहिजेत, आणि जवळपासच्या कारागिराला पान्हा हाती देऊन शिकवायचे. पाण्यासाठी जिची पायपीट होते तिला मत विचारायला इतकी वर्षे लागली, याचे मला नवल वाटते. आपल्याकडे तरी काय वेगळे होते म्हणा.

तरीही एक घाव बसलाच. टमालेजवळच्या सावेलुगू गावाचे नळाचे पाणी बंद पडले आणि लोक पुन्हा तळ्याकडे वळले. 2007 साली तिथे साथ उसळली. रोग्यांना एका जागी ठेवून मलमपट्टी करावी लागली, म्हणजे ते पाण्यात पाय घालणार नाहीत. गावोगाव गाळणीचे कापड वाटले. तळ्याच्या काठी स्वयंसेवक बसले. जखमवाला आला की परत पाठवायचे. 2010 च्या मे महिन्यात घानातला शेवटचा रोगी सापडला. 2015 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.