समुद्राचा हिशोब कुठल्या वहीत?

मंडळी, जरा लांबलचक पोस्ट आहे. चहा घेऊन बसा.

कोकणच्या विकासाची नवी उद्दिष्टं, नवे आराखडे दर दोन-चार वर्षांनी जाहीर होतात. घाटाखालचा विषय म्हणून आपण सोडून देतो. पण मलकापूरला समुद्र नसला तरी समुद्राशी नातं जुनं आहे. राजापूर बंदरात उतरलेला माल अणुस्कुरा घाटानं वर यायचा, वाटेत जकात पडायची. या घाटवाटांवर विशाळगडाची नजर होती. 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी गड पाडला आणि जहागिरीचं ठाणं आपल्या गावात आलं. आजही रत्नागिरीची मासळी आंबा घाट चढून इथूनच कोल्हापूरला जाते.

त्या काळी हिशोब जकातीचा. बैल किती गेले, पैसे किती आले. इकडं राजापूरची खाडी गाळानं भरत गेली, मोठी गलबतं गावापर्यंत येईनात, बंदर बसलं. जकातीच्या वहीत गाळाचा रकाना नसतो!

आता 1983 ला या. महाराष्ट्रात कुठला भाग किती मागं राहिला हे मोजायला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली. 1984 ला अहवाल आला. 'अनुशेष' हा शब्द आपल्या राजकारणात पक्का बसला तो त्यामुळं. एकूण अनुशेष साधारण 3,186 कोटी रुपये. काम मोठं होतं, आकड्यांनिशी बोलायची सवय त्यानं लावली, हे मान्यच करायला हवं. पण मोजलं काय? रस्ते, सिंचन, गावातली वीज, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन सुधारणा, जनावरांचे दवाखाने. नऊ खाती. त्यात मासेमारी नाही! सातशे किलोमीटरच्या वर किनारा असलेल्या राज्यात जनावरांचा दवाखाना मोजला गेला आणि बंदर राहिलं.

दुसरी गोष्ट आपल्याला लागणारी. मोजायचं एकक जिल्हा होतं. आता कोल्हापूर म्हटलं की ऊस, साखर, दूध. त्या सरासरीत शाहूवाडीचे वाड्या-वस्त्यांचे डोंगर कुठं दिसणार? पुढं 1994 ला वैधानिक विकास मंडळं आली: विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. कोकण आणि आपण दोघंही उर्वरित. शब्दच बघा, उरलंसुरलं.

जे मोजलं जातं ते मात्र वाढतं. 1990 ला रोजगार हमीशी जोडून फळबाग योजना आली. झाड लावलं की हेक्टर मोजता येतं, अनुदान देता येतं. कोकणात आंबा-काजूचे डोंगरच्या डोंगर उभे राहिले. चांगलंच झालं. समुद्रात हेक्टर कुठून आणायचं?

2015 ला संयुक्त राष्ट्रांनी 17 शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. त्यातलं 14 वं समुद्री जीवनाचं. आपला नीती आयोग 2018 पासून राज्यांना त्यावर गुण देतो. पहिल्या वर्षी 14 वं उद्दिष्ट मोजलंच नाही. पुढच्या खेपेला नऊ किनारी राज्यांसाठी मोजलं, पण एकूण गुणांत धरलं नाही, कारण बाकीच्या राज्यांना समुद्र नाही. कारण रास्त आहे. पण पेपरात छापून येतो तो एकूण गुणांचाच क्रमांक. 1984 ची रिकामी जागा 35 वर्षांनी तशीच.

समुद्र मोजता येत नाही असं मात्र कुणी सांगू नये. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, स्थापना 1947. त्यांची माणसं ठरवून निवडलेल्या दिवशी बंदरावर उभी राहतात, कुठल्या होडीनं कुठली मासळी किती आणली ते लिहितात, त्यावरून राज्याचा अंदाज बांधतात. 2019 ला महाराष्ट्राचा अंदाज आला 2.01 लाख टन. आदल्या वर्षीपेक्षा जवळपास 32 टक्के कमी, 45 वर्षांतला नीचांक. त्या साली क्यार आणि महा ही वादळं होती, होड्या बंदरातच होत्या. म्हणून एका वर्षावर छाती बडवून घेऊ नये, दहा वर्षांची रेघ बघावी. ती रेघ जिल्हा नियोजन समितीच्या टेबलावर दर वर्षी यायला हवी, एवढंच माझं म्हणणं.

कायदे आहेत. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा. पर्ससीन जाळ्यांवर 2016 ला निर्बंध आले, 2021 ला दंड वाढला. तरी बहुतेक उद्दिष्टं अजून 'उत्पादन वाढवणार' अशीच असतात. समुद्रात शिल्लक काय, हे कुणी विचारत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्यालाही तपासता येतो. 2023 ला राज्यानं 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पिल्लं मोठी होऊन एकदा तरी अंडी घालू देत, म्हणून. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. त्याहून लहान मासा धरायचाच नाही.

आता पुढच्या वेळी मासळी घ्यायला गेलात की पोरांच्या दप्तरातली पट्टी खिशात टाका. पापलेट साडेतेरा सेंटीमीटरचं भरतंय का बघा. मावशींशी भांडू नका, त्यांनी ते धरलेलं नाही. फक्त माप, तारीख आणि मासा कुठल्या बंदराचा ते विचारून खाली लिहा. मिरकरवाडा, नाटे, हर्णै, जिथले पाहुणे असतील त्यांनीही लिहा. महिनाभराचं जमवून मी इथंच टाकतो.