पाटी नसलेला अडसर

पिंपरी-चिंचवड म्हटले की आपल्याला कारखान्याचा भोंगा आठवतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एम.आय.डी.सी. स्थापन झाली आणि मराठवाडा, सोलापूरकडून आपली माणसे वळकटी घेऊन इथे उतरू लागली. कामाला लागली, पोरंबाळं शिकवली. पण कामाला लागणे वेगळे आणि कामात वर चढणे वेगळे.

ही गोष्ट आपल्या मागच्या पिढीने मुंबईच्या गिरण्यांत अनुभवली होती. गिरणीत जास्त पगार विणकाम खात्यात. तिथे मात्र अस्पृश्य कामगाराला जागा नव्हती. कारण काय, तर धोट्यात कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. मालकाने तशी पाटी लावली होती असे नाही. शेजारी उभा राहणारा कामगारच आडवा येत होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी विणकाम खाते सर्वांना खुले करा, ही मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने. समतेच्या गोष्टी करणाऱ्यांनासुद्धा ही भिंत आपणहून दिसली नव्हती, हे विसरता येत नाही.

कागदाचाही एक अडसर होता. १९५६ साली धम्म स्वीकारला तेव्हा केंद्राच्या नोकऱ्यांतील अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या त्या दिल्या, परंतु केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! मधल्या काळात कितीतरी घरांत मनाने बौद्ध आणि दाखल्यावर जुनीच जात, असा दुहेरी संसार चालला. खाजगी कंपन्यांत तर आरक्षणाचा प्रश्नच नव्हता.

स्त्रियांसाठी पाटी उघड होती. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे छापले होते. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. पुण्याला मुलाखत झाली आणि कंपनीला पहिली स्त्री इंजिनिअर मिळाली. छापलेले होते म्हणून एका पोस्टकार्डात सुटले. न छापलेल्याला पत्र कोणाच्या नावे लिहायचे?

२००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी याची परीक्षाच घेतली. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. आमच्या वेळी मुलाखतीत "मूळ गाव कोणतं? तिथं कुठल्या आळीला राहता?" असे हसत हसत विचारीत. आता आडनावावरच भागते.

चाकणला आता आपल्या वस्तीतील मुलीही जातात, बऱ्याच कंत्राटावर. परवा एक जण सांगत होती, "काका, लाईन लीडरची जागा निघाली हे आम्हाला कळतं, पण पेढे वाटल्यावर."