पाळण्यातील भाषा आणि पाटीवरील भाषा

मूल भाषा कोठे शिकते, असे विचारल्यास पुष्कळजण शाळेकडे बोट दाखवितात. वस्तुतः शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच मुलाने भाषा बव्हंशी हस्तगत केलेली असते. सहा-सात महिन्यांचे अर्भक बा-बा, दा-दा असे नाद काढते. वर्षाच्या सुमारास पहिला सार्थ शब्द उच्चारते. दीड-दोन वर्षांचे झाले की शब्दाला शब्द जोडू लागते. पुढे ‘बसलं’, ‘हसलं’ यांच्या धर्तीवर ते ‘करलं’ असेही म्हणून जाते. हे रूप त्याला कोणी शिकविलेले नसते. म्हणजे मूल नुसती पोपटपंची करीत नाही. ऐकलेल्या भाषेतून नियम काढून ते तो स्वतः लावून पाहते.

या दृष्टीने जालना जिल्ह्याचा इतिहास मननीय आहे. १९८१ साली स्वतंत्र जिल्हा झालेला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. तेथे दरबारी प्रथम फारसी चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. देशी भाषेतून आधुनिक शास्त्रे शिकविता येतात, हे त्याने सिद्ध केले. त्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची घरची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. इंग्रजीच्या बाबतीत जो न्याय लावला, तो या भाषांना लाभला नाही.

जालन्याच्या बाजारात खेळता खेळता मराठी मूल उर्दू सहज बोलू लागे. त्यात त्याला भार वाटत नसे. अडचण निराळीच होती. वरच्या वर्गात गणित, भूगोल यांसारखे विषय उर्दूतून आले, की विषय नवा आणि भाषाही परकी, असे दुहेरी ओझे त्याच्यावर पडे. मराठी जगली ती जात्यावरील ओव्यांत, कीर्तनांत आणि याच जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांत. तथापि ओठांवरील भाषा आपोआप लेखणीत उतरत नाही. त्यासाठी शाळाच लागते. म्हणूनच १९१५ साली औरंगाबादेत सुरू झालेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्थांचे मोल मोठे.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि मराठी मुलाला आपली शाळा मिळाली. येथे कथा संपावी, पण संपत नाही. याच जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर मूल आईकडून गोरमाटी शिकते. पहिल्या दिवशी पाटीवर त्याला मराठी भेटते. एके काळी उर्दू जेथे उभी होती, तेथे त्या मुलापुढे आज मराठी उभी आहे. ज्यांनी हे दुःख सोसले, त्यांनीच ते प्रथम ओळखावयास हवे. गुरुजींनी तांड्यावरील दहा-वीस शब्द शिकून घेतले, तरी त्या मुलाचा वर्गातील पहिला दिवस मुका जाणार नाही.